सिरपवरून ग्रुप पेटला; आता ॲडमिननं काय करावं?

पत्र

ताई, नमस्कार.

मी मानेवाड्याकडच्या एका लेआउटमध्ये राहते, बँकेतून निवृत्त. आमच्या लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपची मी ॲडमिन. पावणेदोनशे मेंबर आहेत. एरवी नळ आला का, कचरागाडी कुठे पोचली, गणपतीची वर्गणी, असंच चालतं. गेल्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशात विषारी कफ सिरपनं मुलं दगावल्याचं प्रकरण झालं आणि आठ दिवसांत ग्रुपचं रूपच पालटलं. पहिले सारे घाबरले, मग जो तो शोध लावायला लागला, मग डॉक्टर लोकांवर तुटून पडले. आमच्याच गल्लीत एक बालरोगतज्ज्ञ राहतात. त्यांनी ते औषध कधी लिहूनही दिलं नव्हतं. तरी एका काकांनी टाकलं, 'आता काऊन चूप बसले डॉक्टरसाहेब? कमिशन मोजून राहिले का?' त्यावर वीसेक जणांनी अंगठे दिले. डॉक्टर ग्रुप सोडून गेले. मी घाबरून ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' केला, चार दिवस. त्याचीही बोलणी खाल्ली. काका तसे वाईट नाहीत, २०२१ मध्ये त्यांचा जावई कोरोनात बेड शोधता शोधता गेला. पुढे दिवाळी आली, रांगोळ्यांचे फोटो सुरू झाले, जसं काही झालंच नाही. पण डॉक्टरांच्या मिसेस मला पाहून अजून रस्ता बदलतात. आमचे हे म्हणतात, बंद कर तो ग्रुप, उद्या पोलिसांनी तुलेच धरलं तर? ग्रुप बंद करू का? डॉक्टरांना परत कसं आणू? आणि चांगली शिकलेली माणसं आठ दिवसांत अशी कशी होतात? तेव्हाचं चॅट सोबत पाठवते.

– एक ॲडमिन, नागपूर

उत्तर

ताई,

चॅट पूर्ण वाचलं, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत. तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येतेच. पण तुम्ही न विचारलेली एक गोष्ट त्यात आहे, ती आधी.

४ ऑक्टोबर, शनिवार, रात्रीचे पावणेबारा. एका लहान मुलीच्या आईनं लिहिलंय, 'तीन दिवसांपासून मुलीला सर्दीचं सिरप चालू आहे. ते यादीतलं नाही, दुसरं आहे. बंद करू का? आज सूसू कमी केली असं वाटून राहिलं.' तिच्या वरचा मेसेज कंपनीच्या मालकाला भरचौकात लटकवा असा. खालचा डॉक्टरांच्या परदेशवाऱ्यांवरचा विनोद. त्याखाली मध्य प्रदेश सरकार, मग महाराष्ट्र सरकार, मग आजीचा काढाच कसा खरा. सव्वाबाराला तिनं पुन्हा विचारलं, 'कोणी जागं आहे का?' जागे बरेच होते. त्यानंतर एक वाजेपर्यंत ग्रुप धडधडत होता. तिला उत्तर एकही नाही.

लघवी कमी होणं हीच त्या प्रकरणातली धोक्याची खूण होती. सिरपमध्ये सापडलेलं डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मूत्रपिंडांवर घाला घालतं. मूल आधी सर्दी-तापाचं असतं, मग उलट्या होतात, मग लघवी आटते. म्हणजे त्या आठवड्यात तुमच्या ग्रुपवर जे काही लिहिलं गेलं, त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा मेसेज तिचा होता. तो कोणी वाचला नाही. तुम्हीही वाचला नसावा, कारण एवढ्या सविस्तर पत्रात ती कुठेच नाही. पुढे दिवाळीच्या फोटोंत तिनं मुलीचा कंदील घेतलेला फोटो टाकलाय, म्हणून मी निर्धास्त झाले. तरी तिला एक फोन करा. 'तेव्हा तुझा मेसेज आमच्याकडून सुटला' एवढंच म्हणा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, माणसं अशी कशी होतात. फिलिप स्ट्राँग नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं १९९० मध्ये, एड्सची दहशत ताजी असताना, मांडून ठेवलंय की नव्या रोगाबरोबर आणखी तीन साथी पसरतात. एक भीतीची. दुसरी कारणं शोधण्याची आणि त्यासोबत कोणाचं पाप आहे ते ठरवण्याची. तिसरी काहीतरी करून टाकण्याची. ज्याला रोग शिवलाही नाही त्याला या तिन्ही लागू शकतात. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, पण तुमचं चॅट वाचताना मला त्या गृहस्थांची आठवण पानोपानी होत होती.

सुरुवातीचे दिवस पाहा. 'छिंदवाड्याकडची लेकरं आणून राहिले म्हणे नागपूरले, खरं आहे का?' कोणाची भाची नर्स, कोणाचा मुलगा मेडिकलला इंटर्न. छिंदवाडा आपल्यापासून सव्वाशे किलोमीटर. तिकडचा जड पेशंट सावनेरवरून नागपूरलाच येतो, हे काही आजचं नाही. त्यामुळे छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाची बातमी आपल्याला टीव्हीच्या आधी लागली. त्या दिवसांतला जवळपास प्रत्येक मेसेज प्रश्नचिन्हानं संपतो. कोणाला काही माहीत नाही आणि माहीत नाही हे लिहायला कोणाला लाज नाही. तुमच्या ग्रुपचे सगळ्यांत चांगले दिवस तेच होते, घाबरलेले असले तरी.

मग कारणं. मेंदूज्वर, बोअरचं पाणी, उंदीर, डास. यावर आज हसू नका. यंत्रणासुद्धा तेव्हा पाण्यापासून उंदीर-डासांपर्यंत सगळं तपासत होत्या. औषधाचा संशय नंतर आला.

कलाटणी मिळाली दसऱ्यानंतर. ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारनं सांगितलं की मध्य प्रदेशात घेतलेल्या, तोवर तपासून झालेल्या नमुन्यांत ते विषारी द्रव्य नाही. त्याच रात्री तमिळनाडूचा निष्कर्ष बाहेर आला: कांचीपुरमच्या कारखान्यातून उचललेल्या कोल्ड्रिफ या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये ते ४८.६ टक्के आहे. चालतं किती, तर ०.१ टक्का. नमुने वेगळे होते, म्हणून उत्तरं वेगळी होती. यात कोणी खोटं बोललं असं नाही. पण तुमच्या ग्रुपवर या दोन बातम्या एकाखाली एक पडल्या, कसलाही खुलासा नसताना. 'सिरपमध्ये काही नाही' आणि लगेच 'सिरपमध्ये विष'. धास्तावलेल्या माणसानं त्यातून काय घ्यावं? त्यानं घेतलं ते एवढंच की आपल्याला फसवून राहिले. तिथून पुढे तुमच्या चॅटमध्ये प्रश्नचिन्हं दिसेनाशी होतात. दुसऱ्या दिवसापासून सगळी उद्गारचिन्हं. जो तो निकाल देतो. त्या आईचा प्रश्न नेमका त्याच दुसऱ्या दिवशी रात्री आला, म्हणून बुडाला.

ते सिरप लिहून देणाऱ्या परासियाच्या डॉक्टरला अटक झाली तेव्हा तर तुमच्या ग्रुपचे सरळ दोन तट पडले. डॉक्टर संघटना म्हणत होत्या की विषारी औषध बनवलं कारखान्यानं, लिहून देणाऱ्याला काय कळणार? काहींना ती मखलाशी वाटली. त्या भांडणाला समोर एक माणूस हवा होता. कांचीपुरमचा मालक दूर, औषध निरीक्षक कोण ते कोणाला ठाऊक नाही. तुमच्या गल्लीतले डॉक्टर मात्र यादीत होते, नावासकट, नंबरासकट.

एक लक्षात असू द्या. राग खोटा नव्हता. वीसहून जास्त मुलं गेली. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्यानं भेसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, औषध प्रशासनाची लक्तरं वेशीवर टांगली गेली. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच द्रव्य, तेही मुलांच्या सिरपमध्ये! संतापायचं नाही तर काय करायचं? म्हणून ग्रुपवर 'शांत राहा, अफवा पसरवू नका' असल्या पाट्या लावत बसू नका. रागावलेल्या माणसाला ती पाटी म्हणजे तोंडावर हात वाटते. त्यांचा राग रास्त होता, पत्ता चुकला होता.

काकांचा मेसेज ऑक्टोबर २०२५चा आहे, पण भांडण एप्रिल २०२१चं आहे. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, मला वाटतं बरंचसं उत्तर त्या ओळीत आहे. तो एप्रिल नागपूरकराला सांगायला नको. मेयो, मेडिकल, एम्स, खाजगी, कुठेच खाट नाही, रेमडेसिव्हिरसाठी रांगा, २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून ऑक्सिजनची रेल्वे आली आणि तीन टँकर इथे उतरले तेव्हा लोक मोबाइलवर त्या गाडीचे व्हिडिओ देवदर्शनासारखे पाहत होते. ज्याचा माणूस त्यातून सुटला नाही, त्याच्यासाठी 'डॉक्टर' या जातीशी हिशेब बाकीच राहिला. पुढचं संकट आलं की जुनी थकबाकी वर येते. लोकांच्या बोलण्यात हे नेहमी होतं. नव्या रोगाबद्दल बोलताना माणसं अर्धं मागच्या रोगाबद्दल बोलत असतात.

त्याच एप्रिलमधलं आणखी एक आठवतंय का? २०२०च्या वसंतात सतरंजीपुरा, मोमिनपुरा अशी वस्त्यांची नावं घेऊन बोटं मोडणारे ग्रुप वर्षभरानं बेड शोधायला लागले. 'ओ निगेटिव्ह प्लाझ्मा आहे का', 'सिलिंडर रिकामा झाला की कळवा', 'या नंबरवर आत्ता फोन लागला, खात्री केली, दुपारी ४.१०'. वेळ लिहायची शिस्त कोणी शिकवली नव्हती, शिळ्या नंबरांवर फोन करून करून लोकांना ती लागली. ते काही आठवडे शिव्या कमी होत्या, कारण हाताला काम होतं. सिरपच्या वेळी तसं काम नव्हतं. मुलं दुसऱ्या जिल्ह्यातली, औषध एका कंपनीचं, आपण घरात बसून. हात मोकळे, मग बोटं कीबोर्डवर.

म्हणून ग्रुप बंद करू नका. बंद केलात तर पंधरा दिवसांत दुसरा निघेल, त्याचा ॲडमिन काका असतील.

'ओन्ली ॲडमिन' करणं चूक नव्हतं, चार दिवस करणं चूक. ताप चढलेल्या ग्रुपला एक रात्र झोपवणं ठीक आहे, अकरा ते सहा. पण त्या आधी तुमचा फोन नंबर टाकून 'काही अडलं तर रात्री मला लावा' असं लिहा, नाहीतर तीच आई पुन्हा अडकेल, आणि या वेळी कुलूप तुमचं असेल. दिवसा मात्र मतांसाठी दुसरा ग्रुप काढून द्या. 'चर्चा', 'कट्टा', काय वाटेल ते नाव ठेवा. फाशी, कमिशन, सरकार, काढा, सगळं तिकडे. मुख्य ग्रुपवर फक्त विचारणं आणि सांगणं. पहिले दोन दिवस लोक विसरतील, तुम्ही दहा वेळा 'कट्ट्यावर टाका ना भाऊ' म्हणाल, आणि मग ते रुळेल. मी हे दुसऱ्या एका सोसायटीत पाहिलंय.

याहून जास्त गरजेचं: फक्त प्रश्न वाचणारा माणूस नेमा. दिवसा एक, रात्री एक. बाकी काही वाचू नका म्हणावं, प्रश्नचिन्ह दिसलं की त्या माणसाला सरळ फोन. तुमच्या लेआउटमध्ये मेडिकल स्टोअरवाला नक्की असेल; बॅच नंबर कुठे छापलेला असतो ते त्याच्याइतकं कोणी सांगू शकणार नाही.

आणि तुम्ही स्वतः दिवसातून एकदा, ठरल्या वेळी, चार ओळी टाका. ऑक्टोबरात त्या अशा असायला हव्या होत्या:

'आज रात्री ८ पर्यंत कळलेलं. कोल्ड्रिफ सिरप, बॅच एसआर-१३ घरात असेल तर देऊ नका, फेकूही नका; बाटली ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ वर कळवा. केंद्राची ३ ऑक्टोबरची सूचना: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत, पाच वर्षांखाली सहसा नाहीत. मूल सुस्त असेल, उलट्या असतील, लघवी कमी वाटत असेल तर ग्रुपवर विचारत थांबू नका, रात्र असली तरी दवाखान्यात न्या. काल सांगितलेल्यातलं हे बदललं:'

ती शेवटची ओळ गाळू नका. काल एक, आज दुसरं, हे साथीत होणारच. तपास पुढे सरकतो. ते आपणहून सांगितलं तर लोक ऐकतात. लपवलं तर ३ ऑक्टोबरसारखं होतं.

प्रत्येक फॉरवर्डची चिरफाड करायच्या फंदात मात्र पडू नका. तुम्ही एक खोडाल तोवर सात येतील, वर तुम्ही बाईसाहेब मास्तरीण झालात म्हणतील. दोन बाणांची खूण असलेला मेसेज, म्हणजे जो निदान पाच हातांतून फिरून आलाय, तो मुख्य ग्रुपवर टाकायचा नाही, आधी तुम्हाला पाठवायचा, एवढा एकच नियम करा. व्हॉट्सॲपनं एप्रिल २०२० पासून असे मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं, आणि तसले फॉरवर्ड ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीनं तेव्हा सांगितलं. आपली माणसं त्यावर स्क्रीनशॉटची वाट काढतातच. पण स्क्रीनशॉट काढायला एक क्षण लागतो, आणि त्या क्षणात काही जणांना झोप येते, हेही कमी नाही.

आता डॉक्टर. त्यांना 'परत आणू कसं' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. ते परत येणं ही तुमच्या ग्रुपची गरज आहे, त्यांची नाही. पावणेदोनशे लोकांची फुकटची ओपीडी चालवायला ते कशाला येतील?

आधी ग्रुपवर लिहा. 'गेल्या ऑक्टोबरात आपल्या लेआउटमधल्या डॉक्टरांबद्दल इथे जे लिहिलं गेलं त्याला कसलाही आधार नव्हता. मी ॲडमिन असून ते वेळेत थांबवलं नाही.' एवढंच. काकांचं नाव नको, स्माइली नको, हात जोडलेले नकोत. आणि तो मेसेज टाकून झाला की त्यांच्या घरी जा, दाखवायला फोन काढू नका, त्यांना कुठूनतरी कळेलच.

एकट्या जाऊ नका. अंगठे देणाऱ्या वीस जणांपैकी दोघांना सोबत घ्या. काकांनी एक वाक्य लिहिलं. ते एका दुखावलेल्या माणसाचं होतं आणि डॉक्टरांना जावयाची गोष्ट ठाऊक असेल तर त्यांनी ते कदाचित गिळलंही असेल. अंगठेवाल्यांचं काय? ज्यांच्या पोरांना त्यांनी रात्री-बेरात्री तपासलं, पैसे घेतले नाहीत, त्यांनी भाजी निवडता निवडता अंगठा दाबला आणि विसरून गेले. मिसेस रस्ता बदलतात त्या वीस नावांमुळे, असं मला तरी वाटतं. त्यातले दोन चेहरे दारात उभे राहिले तर बोलणं सुरू होईल. चहा घेतला नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. संक्रांत, होळी, केव्हातरी घेतील.

काकांकडे वेगळ्या दिवशी जा, आणि तिथे डॉक्टरांचा विषय तुम्ही काढू नका. जावयाबद्दल विचारा. त्या दिवसांत कुठे कुठे फिरले, कोणाला फोन केले, काय काय ऐकून घेतलं. हे त्यांना पाच वर्षांत कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. त्या वेळी प्रत्येक घरात आपापलं होतं. त्यातून ते डॉक्टरांची माफी मागतील असं मी वचन देत नाही. मागितली नाही तरी पुढच्या वेळी कीबोर्डवर येण्याआधी त्यांना जायला एक घर असेल, तुमचं.

हे सगळं आत्ता करा, ग्रुपवर कोथिंबिरीचे भाव आणि लग्नाच्या पत्रिका चालू आहेत तोवर. पावसाळ्यात डेंगी येईल, कूलरच्या टाक्या आणि प्लेटलेट आणि पपईच्या पानांचा रस येईल. तेव्हा नियम सांगायला गेलात तर लोक तुमच्यावरच तुटून पडतील.

राहिले तुमचे यजमान. त्यांची भीती अगदीच हवेतली नाही, पण त्यांना हे वाचून दाखवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठानंच मार्च २०२१ मध्ये, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलंय की मेंबरनं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. त्यात त्याचा सामाईक हेतू किंवा आधीची मिलीभगत दिसावी लागते. तुम्ही स्वतः जे पुढे पाठवाल ते मात्र तुमचं. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ मध्ये आपत्तीबद्दल घबराट पसरवणारा खोटा इशारा दिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. तेव्हा दोन बाणांचा नियम पहिल्यांदा घरात लागू करा. यजमानांच्या फोनपासून सुरुवात केलीत तरी चालेल. चॅटमध्ये 'सर्व सिरप बंद, एम्सचा आदेश' हा मेसेज टाकणारा नंबर 'अहो' या नावानं सेव्ह केलेला आहे.